सागवानी रंगातला बाभळीचा खांब

मी एक जुना खांब आहे, आणि बाभळीचा आहे. मित्रांनो, यातलं दुसरं मी जरा घाईनेच सांगून टाकलं, कारण माझ्या उभ्या आयुष्यात नेमकं तेच लपवून ठेवलं गेलं. लपवलं दुसऱ्याने, हे खरं. पण रंग माझ्या अंगावर होता. लाज एकदा अंगाला चिकटली की मूळ खोट कुणाची, हे ती विचारत बसत नाही.

माझा जन्म कयाधू नदीच्या काठचा, सेनगावच्या बाजूचा. बाभूळ म्हणजे मुळात वाकड्या वळणाची जात. आमच्यातून नांगर निघतात, वखर निघतात, बैलगाडीची चाकं निघतात. सरळ खांब क्वचितच निघतो. मी मात्र दाट झाडीत वाढलो. बाजूला पसरायला जागा नव्हती, ऊन हवं तर वर जाणं भाग होतं, म्हणून मी वरच गेलो. मेंढ्या चारायला येणारी पोरं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची की ही बाभूळ नव्हेच, निलगिरी आहे. तेव्हा मला मोठा अभिमान वाटायचा. आज वाटतं, आपण जे नाही ते म्हणून घेण्याची हौस मला तेव्हापासूनच लागली होती.

सेनगावच्या नागोराव सुताराने ते झाड विकत घेऊन तोडलं. माझ्या फांद्या छाटल्या, बुंधा तेवढा ठेवला आणि गाडीत घालून आपल्या अंगणात आणून टाकला. तिथे मी इतर ओंडक्यांत पडून होतो, तोच मसाजी आला.

हा मसाजी कोण, ते आधी सांगतो. सेनगावच्या पुढे एका लहान गावात त्याचं घर होतं. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढ्यांचा कळप. माणूस कष्टाळू, मायाळू. एखादं कोकरू लंगडलं तर ते खांद्यावर घेऊन कोसभर चालेल, पण त्याला मागे सोडणार नाही. एकच खोड होती. चार लोकांत आपलं नाक खाली झालेलं त्याला सोसत नसे.

किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे आमच्या भागातही मांडणीवरची भांडी वाजली होती. आमच्याकडे कुणाचं फारसं काही गेलं नाही, पण भीती मात्र घराघरांत शिरली. मसाजीचं घर जुन्या पद्धतीचं, माळवदाचं. लाकडाच्या खांबांवर तुळया, त्यावर काटक्या आणि सगळ्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पण कोसळलं तर आतल्या माणसाची माती. त्यानंतरच्या हिवाळ्यात मसाजीच्या मुलाची, अंगदची सोयरीक निघाली. मुलगी कुरुंद्याची, नाव दिपाली. तिचा बाप संतराम, हळद पिकवणारा गरीब शेतकरी. त्याने मुलगा पाहिला, मेंढरं पाहिली, सगळं पसंत केलं. मग वर मातीकडे बघून म्हणाला, सोयरीक पक्की, पण लेक माळवदाखाली नांदायला देणार नाही.

म्हणून माळवद उतरवायचं आणि वर पत्रे टाकायचे ठरलं. जुने खांब मुरलेले होते, भिंतींना लागून तेच पुन्हा उभे करता येणार होते. अडचण एकाच खांबाची होती. पत्र्याला दोन्हीकडे उतार द्यायचा तर मधलं आढं उंच हवं, आणि ते आढं पेलणारा मधला खांबही उंच हवा. तेवढा लांब खांब जुन्या लाकडांत नव्हता. मसाजीची बायको सिंधूबाई हिने माहेराहून आणलेल्या मेंढ्या वाढवून वाढवून स्वतःचा असा एक लहान कळप केला होता. तिने तो घरासाठी विकायला दिला. मोबदल्यात एवढंच मागितलं की मधला खांब सागवानाचा असावा. तिच्या मते मधला खांब म्हणजे घरातलं कर्तं माणूस. तो पक्का तर घर पक्कं. मसाजीने हो म्हटलं. नुसतं हो म्हणून थांबला असता तर बरं झालं असतं, पण त्याने ते पारावर जाऊनही सांगितलं.

पत्रे आले, आढं आलं आणि मसाजी सागवान आणायला हिंगोलीला गेला. लाकडाच्या वखारीत त्या लांबीचा सागवानी खांब एकच होता, आणि तो आदल्याच दिवशी कुणीतरी बयाणा देऊन ठेवला होता. पुढचा माल दिवाळीनंतर येणार होता. लग्न तर वैशाखात. नवरदेव अंगद, पण गुडघ्याला बाशिंग बापाच्या बांधलेलं. थांबायला तो तयार नव्हता आणि रिकाम्या हाताने गावात शिरायलाही. परतीच्या वाटेवर तो सेनगावला उतरला आणि नागोरावच्या अंगणात आला.

मित्रांनो, घराचा खांब कसा निवडतात ते मी त्या दिवशी पाहिलं. नागोरावने कुऱ्हाडीची पाठ माझ्या अंगावर ठोकली आणि आवाज ऐकला. वाळलेलं लाकूड टणटणीत बोलतं, मी बद्द बोललो. त्याने माझ्या गाठी चाचपल्या. मोठी गाठ असेल तर खांब भाराखाली तिथेच दगा देतो. तशा गाठी माझ्यात नव्हत्या. मग तो माझ्या कापलेल्या तोंडाशी उकिडवा बसला. झाडाच्या मध्यभागी गडद लाल गाभा असतो, त्याच्याभोवती सालीखालचं पांढरं लाकूड. ताकद असते ती गाभ्यात. पांढऱ्या लाकडात झाडाचा गोड रस असतो, आणि त्या रसावर भुंगेरे टपून असतात.

"सरळ हाय, त्यात वाद न्हाई," नागोराव म्हणाला. "पण पोरसवदा झाड हाय. गाभा बघ, तांब्याच्या तोंडाएवढा. बाकी सगळं पांढरं, आन् तेबी ओलं. नदीच्या डोहात पावसाळाभर बुडवून ठिव, रस निघून जाऊ दे. मंग सावलीत वाळव. न्हाई तर भुंगा आतच हाय समज."

मसाजी म्हणाला की लग्न वैशाखात आहे. त्याने माझा गाभा पाहिलाच नाही. तो फक्त माझा सरळपणा बघत होता. मग इकडे तिकडे पाहून त्याने हळूच विचारलं, याला सागवानाचा रंग देता येईल का.

नागोरावने हातातली कुऱ्हाड खाली ठेवली. "बाभळीला बाभळीची लाज वाटत न्हाई, मसाजी," तो म्हणाला. "तुला काहून वाटून राहिली?"

दोघं जुने सोबती. नागोरावने मान हलवली आणि कामाला लागला. त्याने मला चौकोनी तासलं, रंधा मारला. तांबूस तपकिरी ऑइल पेंटचा हात दिला आणि तो ओला असतानाच त्यावरून कंगवा फिरवून सागवानाच्या नसांसारख्या रेघा ओढल्या. काम असं साधलं की वखारवाल्यालाही फसवावं. बुडखा कुठला आणि शेंडा कुठला हे रंगात कळेना, म्हणून त्याने बुडख्याकडे खडूने खूण केली. झाड जसं जमिनीत उभं होतं तसाच खांब उभा करायचा असतो, बुडखा खाली. उलटा खांब घराला लाभत नाही म्हणतात. एवढी एक गोष्ट त्यांनी सांभाळली. कच्चं लाकूड घराला लाभतं का, हा विचार मात्र खडूने लिहून ठेवायचा राहिला.

गाडी घरापुढे थांबली तेव्हा सिंधूबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने माझ्यावर हात फिरवला आणि मसाजीला विचारलं, सागवान ना?

"व्हय," मसाजी म्हणाला.

तो एकच शब्द. मला वाटतं, त्या क्षणी तो पुढचं वाक्य जुळवत होता, की वखारीत नव्हतं, नाइलाज झाला, पुढल्या वर्षी बदलू. पण सिंधूबाईच्या तोंडावर असा आनंद दाटला होता की ते वाक्य तसंच राहून गेलं. मला दगडी उथळ्यावर उभं केलं. माझ्या पायाशी तांब्याचं नाणं ठेवलं, कमरेला हिरवा खण आणि आंब्याची पानं बांधली, हळदकुंकू लावलं. सिंधूबाईने नमस्कार केला. देवाच्या जागी भलत्यालाच बसवावं तसं मला झालं. आभाळाकडे बघणारा मी, पहिल्यांदाच मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

आठवड्याने संतराम घर बघायला आला. वर बघितलं, पत्र्यांवर समाधान मानलं. मग माझ्यापाशी येऊन थबकला, तळहाताने दोनदा थोपटलं आणि विचारलं की इवाई, हे सागवान का? मसाजीने मान हलवली. या वेळी त्याला एक शब्दही लागला नाही. खोट्याला पहिल्या वेळी जीभ लागते, पुढे नुसती मानही पुरते. संतराम इतका हरखला की कुरुंद्याला जाऊन त्याने अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझ्या लेकीच्या घराला सागवानी खांब आहे. बडा घर पोकळ वासा, ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. मी ती अंगावर घेऊन उभा होतो.

लग्न झालं, दिपाली घरात आली. अंगद वर्षातले बरेच महिने कळप घेऊन लांब रानात असायचा. त्यामुळे तिचा दिवस सासूबरोबर आणि माझ्याबरोबर जायचा. चूल माझ्यापासून हातभर. माझ्या पायाशीच पिठाचा डबा, तिथेच परात घेऊन ती भाकरी थापायला बसायची. थकली की पाठ मला टेकायची. गरोदर राहिली तेव्हा उठता-बसता माझाच आधार घ्यायची. एवढ्या विश्वासाने कुणी टेकलं की माझं काळीज हलायचं, कारण तोवर माझ्या आत भुंगेऱ्यांचं खाणं सुरू झालं होतं.

भुंगेरे पहिल्या पावसाळ्यानंतरच कामाला लागले होते. भोकं सुईच्या टोकाएवढी, गडद रंगात सहज दिसायची नाहीत. पण त्यातून बारीक, फिकट भुगा झिरपायचा आणि सकाळी माझ्या पायाशी, पिठाच्या डब्याच्या कडेला साचलेला असायचा. रंगाने, स्पर्शाने थेट ज्वारीचं पीठ.

सिंधूबाई दुष्ट बाई नव्हती. पण बहात्तरच्या दुष्काळात नवी सून असताना तिने तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढले होते, आणि त्याही पोटभर मिळाल्या नव्हत्या. पायाखाली पीठ दिसलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पहिल्यांदा ती समजुतीने बोलली. मग रागावून बोलली. दिपाली सांगायची की आत्या, मी सांडलं नाही. मग कुणी सांडलं, घरात आहे कोण दुसरं, असं सासू विचारायची. काही दिवसांनी सिंधूबाईने पिठाचा डबा आपल्या ताब्यात घेतला. रोज सकाळी ती सुनेला लहान लेकराला द्यावं तसं मापाने पीठ काढून देऊ लागली. ओढ्यावर धुणं धुताना बायकांपाशी बोललीही, सून गुणाची आहे पण हात सैल आहे. गावात ते नाव तिला चिकटलं. नवी सून कुणाच्या घरी मदतीला गेली, तर पिठाला दुसरीच बसायची.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. आणि चोर मी, ऐन घराच्या मध्यात, हळदकुंकू लावून उभा.

दिपाली काही बावळट नव्हती. एका दुपारी तिने माझ्या पायाशी काळं फडकं पसरलं आणि गपचूप बसून राहिली. संध्याकाळपर्यंत फडक्यावर फिकट ठिपके पडले. तिने वर पाहिलं, माझ्या अंगावरून बोट फिरवलं, तिला भोकं सापडली. मसाजी मेंढ्या कोंडून आत आला तेव्हा तिने पदर सावरून ते फडकं त्याच्यापुढे धरलं.

"मामा, खांबाला भुंगा लागून राहिला वाटतं," ती म्हणाली. "हे त्याचंच असंल. आत्याला तुमी सांगा ना."

मसाजीने फडक्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्याला तिथल्या तिथे सगळं कळलं, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्याचा हात माझ्यावर होता आणि तो हात थंड पडला. खरं सांगायचं म्हणजे आधी बाभूळ सांगावी लागणार. बायकोला, इवायाला, पाराला, सगळ्यांना.

"सागवानाला भुंगा लागत न्हाई, लेकरा," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

दिपालीने फडकं झटकलं आणि घडी घालून ठेवून दिलं. तिच्या बापानेही सागवानच म्हटलं होतं. दोन वडीलधारी माणसं सागवान म्हणतात, तिथे तिने कुणाशी वाद घालायचा? त्यानंतर ती मला पाठ टेकून बसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी बायका शेतात गेल्यावर मसाजी अंगाच्या साबणाचा तुकडा घेऊन आला. एकेका भोकात त्याने साबण दाबून भरला, वरून राकेलाचं बोट फिरवलं. घरात वास सुटला तेव्हा कंदील कलंडला म्हणाला. माझी भोकं बुजवताना तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. राकेलाने येतं तसलं पाणी नव्हतं ते. एवढी लाज वाटत होती तर बोलून मोकळा का झाला नाही, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारायचो. माणसाचं असं असतं बहुतेक, लाज थोडी असते तेव्हा तो बोलू शकतो, आणि जास्त झाली की तीच त्याचं तोंड धरते. मसाजीने एक केलं, कळप घेऊन तो स्वतःच रानात जास्त दिवस राहू लागला. घरी असला की माझ्या बाजूने जाताना खाली बघून जायचा. साबणाने काही दिवस भुगा थांबला. मग भुंगेऱ्यांनी शेजारी नवी दारं पाडली.

नववा महिना लागला आणि संतराम लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला आला. चहा झाला, सुपारी झाली. निघताना सिंधूबाईने त्याला बाजूला घेऊन, आवाज शक्य तेवढा मऊ करून सांगितलं. पोर सोन्यासारखी आहे, पण पीठ सांडते, आणि सांडलं तर कबूल करत नाही. माहेरी आहे तोवर तेवढं वळण लावा.

संतरामचा चेहरा उतरला. हा डोक्याला रुमाल बांधलेला उंच माणूस माझ्यासमोर एकदम लहान दिसायला लागला. त्याने सिंधूबाईपुढे हात जोडले.

"तिची आई ती लहान असतानाच गेली, अक्का," तो म्हणाला. "शिकवायला बाईमाणूस न्हवतं घरात. आईचं शिकवणं ऱ्हाऊन गेलं. आमचं चुकलं, पदरात घ्या."

दिपाली पिशवी धरून दारात उभी होती. इतके महिने तिने स्वतःवरचं बोलणं ऐकून घेतलं होतं. आता तिच्यामुळे तिच्या मेलेल्या आईला नाव ठेवलं जात होतं, आणि ते तिच्या बापाच्या तोंडून. तिने सासऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मसाजी अडकित्त्याने सुपारी कातरत होता, ती कातरतच राहिला. दोघं बापलेक जीपकडे चालत गेले तेव्हा त्याची सुपारी कातरून कातरून पीठ झाली होती, आणि त्याने ती खाल्लीही नाही.

मी तेव्हा मोडून पडायला हवं होतं. पण माझा गाभा टिकून होता आणि वर आढं होतं. मोडावंसं वाटलं म्हणून खांबाला मोडता येत नाही.

दिपाली गेली, त्याला पंधरवडा झाला असेल. सिंधूबाई पहाटे सडा घालून आत आली आणि माझ्या पायाशी थांबली. फरशीवर फिकट भुग्याचा चिमूटभर ढीग. पिठाचा डबा तिच्याच हाताने बंद केलेला, वर पाटा ठेवलेला. सून कुरुंद्याला. ती तिथेच खाली बसली. चिमूट उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. मग वर बघितलं, चिंचोक्याएवढा साबणाचा एक गुळगुळीत डाग तिला दिसला. तिने डोक्यातला आकडा काढून तिथे टोचला. आकडा अंगात सहज गेला, निम्मा आत गेला आणि भुगा तिच्या मनगटावर ओघळला.

मसाजी ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता. ती मनगट तसंच पुढे धरून त्याच्यापुढे गेली.

"सागवान न्हाई ते," मसाजी म्हणाला. "बाभळ हाय. कच्ची. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय."

सिंधूबाईने मनगटावरचा भुगा पदराने पुसला. मला वाटलं, ती आपल्या मेंढ्यांबद्दल बोलेल. त्याबद्दल ती जन्मात कधी बोलली नाही.

"मी त्या लेकराला मापानं पीठ दिलं," ती म्हणाली. "तिच्या आईला बोल लागला माझ्यापाई. तुमी बसून ऐकलं."

दुसऱ्याच दिवशी नागोराव आला. आढ्याला दोन्हीकडून टेकू लावून त्याने मला काढलं. पांढरं लाकूड चाळणी झालं होतं. तासणीचा हात बसला तिथे ते ढलप्याऐवजी भुग्यानेच उतरलं. गाभा तेवढा शाबूत होता. वळवाचं एखादं वादळ पत्र्यांत शिरलं असतं तर एवढ्याशा गाभ्यावर आढं राहिलं नसतं, असं तो म्हणाला, आणि त्याची नजर चुलीकडे गेली. चुलीशी कोण बसायचं हे सगळ्यांना माहीत होतं. मसाजीने तासणी मागून घेतली आणि माझ्या अंगाचा वीतभर तुकडा स्वतःच्या हाताने कापला. एका बाजूला सागवानी रंग, दुसऱ्या बाजूला भोकंच भोकं. तो त्याने रुमालात बांधला. रिकाम्या हाताने गेलो तर तोंड पुन्हा दगा देईल, म्हणाला.

कुरुंद्याला घरची तिघं गेली; मी गेलो नाही, माझा तुकडा गेला. तिथे काय झालं ते अंगदने पुढे नागोरावला सांगितलं, तेव्हा मी अंगणात पडून ऐकत होतो. दिपालीला मुलगी झाली होती. संतरामने गल्लीतली माणसं बोलावून पाहुण्यांचं स्वागत केलं. ज्यांना त्याने सागवानी खांबाची गोष्ट सांगितली होती, तीच माणसं. मसाजी घोंगडीवर बसला नाही. उभ्यानेच त्याने रुमाल सोडला, तुकडा सगळ्यांपुढे ठेवला आणि आधी बाभूळ सांगितली, मग भुगा सांगितला, मग साबणही सांगितला. पोरीने कधी पीठ सांडलं नव्हतं, म्हणाला. संतराम खाली मान घालून ऐकत होता. गल्लीतलं कुणी हसलं नाही, ते हसले असते तर मसाजीला सोपं गेलं असतं.

मग मसाजी आतल्या दाराकडे वळला. दिपाली बाळाला घेऊन उंबऱ्याआड उभी होती. सासऱ्याने सुनेची माफी मागायची, असं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. तो हात जोडायला लागला.

"मला नका, मामा," दिपाली म्हणाली. "ते लाकूड आईच्या फोटूपुढं ठिवा. आन् तिला सांगा."

भिंतीवर तिच्या आईचा एक लहान, पिवळा पडलेला फोटो होता. मसाजीने तुकडा त्याखाली ठेवला आणि जमिनीला डोकं टेकवलं. सिंधूबाईने टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही. शेवटी दिपालीनेच बाळ आपल्या बापाकडे दिलं आणि सासूला दंडाला धरून उठवलं.

सव्वा महिना झाल्यावर ती घरी आली. मधल्या जागी आता माझ्याच जातीचा खांब आहे, पण पावसाळाभर कयाधूच्या डोहात मुरलेला आणि रंग न दिलेला. पाहुणे आले की मसाजी त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकतो. मी इकडे मेंढ्यांच्या वाड्याजवळ आडवा असतो. गाभा अजून टणक आहे, लेकरं माझ्यावर बसून खेळतात. ती बसली की मी हे सगळं सांगत बसतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही घर बांधाल. लाकूड घ्याल तेव्हा रंग बघू नका, कापलेल्या तोंडाशी बसून गाभा बघा, ठोकून आवाज ऐका, आणि ओलं असेल तर थांबा, लग्न थांबलं तरी चालेल. एवढं करूनही चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगा, कारण न सांगितलेली चूक नेहमी घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाच्या नावावर पडते. खांब बदलता येतो. मेलेल्या आईला लागलेला बोल मात्र फोटोपुढे डोकं टेकवूनच परत मागावा लागतो, आणि तो तिने परत दिला की नाही, हे सांगायला तिथे कुणी नसतं.